अंक आणि एकक



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी आयुष्यभर गणित शिकविले. म्हणून गणित आणि बांधकाम जेथे भेटतात असा एक विषय मी निवडला आहे : प्रतिबलाच्या एककांचे रूपांतर.

उटनूरला रूपांतर नवे नाही. हा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना येथे हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी चलनाचे सहा. नाव एकच, मोल निराळे. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात व्यवहार करणाऱ्यास 'किती रुपये?' याआधी 'कोणते रुपये?' हे विचारणे भाग होते. अभियंत्यालाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

भार घेणाऱ्या पदार्थात दर एकक क्षेत्रफळावर जे अंतर्गत बल निर्माण होते, ते प्रतिबल. इंग्रजी अमदानीत ते चौरस इंचावर पौंडांत मोजले जाई. दशमान पद्धतीबरोबर चौरस सेंटिमीटरवर किलो आले. आज चौरस मिलिमीटरवर न्यूटन, म्हणजेच मेगापास्कल, हे एकक रूढ आहे. एक मेगापास्कल म्हणजे सुमारे १०.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, किंवा १४५ पौंड प्रति चौरस इंच. यातला 'किलो' मात्र वाण्याच्या तराजूतला नव्हे. तो वस्तुमान सांगतो. हा बल सांगतो, आणि त्याचे मूल्य ९.८१ न्यूटन आहे.

काँक्रीटच्या भारतीय मानक ४५६ मध्ये १९६४ साली जी प्रत 'एम १५०' होती, तिच्या जागी १९७८ साली 'एम १५' आली. एक शून्य गळाले, एवढेच वरवर दिसते. प्रत्यक्षात चौरस सेंटिमीटरवर १५० किलो म्हणजे चौरस मिलिमीटरवर १४.७ न्यूटन. पंधरा सेंटिमीटर बाजूचा काँक्रीटचा घन यंत्रात दाबला आणि तो ३४ टनांवर फुटला, असे समजा. जुन्या प्रतीस ३३.७५ टन पुरेसे होते. नव्या प्रतीस ३४.४ टन हवेत. या एकाच घनावरून निकाल द्यायचा, तर तोच घन जुन्या मापाने उत्तीर्ण आणि नव्या मापाने अनुत्तीर्ण ठरतो.

'दहाने भागा' हा सुटसुटीत नियम भाराला लावला, तर भार दोन टक्क्यांनी जास्त धरला जातो. ही चूक सुरक्षिततेच्या बाजूची आहे. तोच नियम पदार्थाच्या ताकदीला लावला, तर ताकद दोन टक्क्यांनी फुगते. ही धोक्याच्या बाजूची. दोन्हींना सारखाच लावला तर फरक पडत नाही. घात होतो तो सरमिसळीने : भार अचूक गुणकाने बदलायचा आणि ताकद ढोबळ गुणकाने.

सरमिसळीची किंमत किती मोठी असू शकते, हे १९९९ साली जगाने पाहिले. मंगळाकडे निघालेले अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले. एका आज्ञावलीने आवेगाचे आकडे पौंडांच्या एककात दिले, दुसरीने ते न्यूटनच्या एककातले मानले. गणित कोणाचेच चुकले नव्हते. आकड्यामागचे एकक कोणी विचारले नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, उत्तरापुढे एकक लिहिले नाही, तर परीक्षेत अर्धा गुण जातो आणि तुम्ही हळहळता. उद्या तुमच्यापैकी कोणी पूल बांधेल, कोणी शाळेचे छत घालील. त्या छताखाली मुले बसतील. त्या वेळी तो अर्धा गुण आठवा, आणि कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी विचारा : किती, आणि कशाचे?