मन कुणापाशी मोकळे करावे?



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपले आयुष्य लहान मुलांत वेचले. म्हणून आजचा विषयही मी मुलांच्या जवळचाच निवडला आहे. मनात साठलेल्या दुःखाला, रागाला, भीतीला वाट करून देणारे काही विधी आपल्या गावांनी पिढ्यानपिढ्या जपले. त्या विधींचा आणि लहान मुलाला प्रेम कसे कळते या प्रश्नाचा काही संबंध आहे काय, एवढेच मला आज पाहावयाचे आहे.

भाषेचा अध्यापक असल्यामुळे प्रारंभ शब्दापासून करतो. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या परिणामासाठी जी संज्ञा योजली, तिला मराठी समीक्षेने 'विरेचन' हा प्रतिशब्द दिला. तो वैद्यकातला आहे. साठलेला दोष बाहेर पडला की शरीर हलके होते, तसेच मनाचेही, अशी त्यामागची कल्पना. आपली बोलती मराठी मात्र याहून सूक्ष्म आहे. आपण म्हणतो, 'तिने आईपाशी मन मोकळे केले.' यातला 'आईपाशी' हा शब्द काढून टाका. वाक्य व्याकरणाने उभे राहील. परंतु ऐकणारा लगेच विचारील, 'कुणापाशी?' माझे आजचे सारे म्हणणे या 'पाशी'त सामावले आहे.

आपले गाऱ्हाणेच पाहा. प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आपल्या पेडण्यात आणि तेरेखोल नदीपलीकडच्या दक्षिण कोकणात ते देवापुढे सर्वांच्या वतीने घातलेले मागणे असते. एक जण गावाची संकटे, घरादाराची दुखणी मांडत जातो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याअखेर जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवाचे उत्तर केव्हा येईल ते येवो. माणसांचे उत्तर मात्र तिथल्या तिथे येते. बोलणारा एकटा राहात नाही, हे या विधीचे मर्म आहे.

पौषातले धालो आठवा. रात्रीची जेवणे आटोपली की वाड्यावरच्या स्त्रिया मांडावर जमतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग गाते, दुसरी तेच गाणे उचलून घेते. एक झुकत पुढे येते, दुसरी मागे सरते. काही रात्री हे चालते आणि अखेरच्या रात्री सोंगे, थट्टा यांना ऊत येतो. कुणाच्या अंगात रंभा संचारते. दिवसभर घराच्या मर्यादेत वावरणारी स्त्री त्या वेळी ज्या मोकळेपणाने हसते आणि घुमते, तो तिला एरवी क्वचितच लाभतो. पण तो मोकळेपणा एकटीचा नव्हे. समोर दुसरी रांग आहे, म्हणून तो शक्य होतो.

जात्यावरची ओवी याच नात्याची. पहाटे दळताना स्त्री जात्याशी बोलते, विठोबाशी बोलते, दूरच्या भावाशी बोलते. पुष्कळदा तिच्या मांडीवर मूल निजलेले असते. साने गुरुजींनी अशा ओव्या 'स्त्रीजीवन'मध्ये संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतून दिसते की एकांतातसुद्धा आपल्या स्त्रीने कुणाला तरी उद्देशूनच दुःख सांगितले.

नुसते बाहेर टाकल्याने मन शांत होते काय? या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. अमेरिकेतील ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने डिवचले त्याची आठवण मनात धरून वाळूच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग निवळण्याऐवजी वाढलेला आढळला. दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र पाहून २०२४ साली आलेल्या आढाव्याचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे. पिशवी 'व्हय म्हाराजा' म्हणत नाही, असे मी त्याचे मराठी भाषांतर करीन.

आता मुलाकडे वळू. १९७८ साली एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांच्या बाळांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळे आणि मग काही मिनिटे त्याच्याकडे पाहात, परंतु चेहरा निर्विकार ठेवून बसे. आई समोरच होती. तरीही बाळ प्रथम हसून तिला आपल्याकडे ओढू पाही आणि अखेर खट्टू होऊन तोंड फिरवी. बोलता न येणाऱ्या जीवालाही एवढे कळते की माणूस समोर असणे वेगळे आणि त्याने प्रतिसाद देणे वेगळे.

तीन-चार वर्षांच्या मुलाला 'प्रेम म्हणजे काय?' असे विचारू नये. भाववाचक नामे त्याच्या वयाची नव्हेत. 'आई काय काय करते?' असे विचारावे. मग क्रियापदे येतील: वेणी घालते, भरवते, ओरडते, जवळ घेते. मुलाला प्रेम क्रियापदांतून कळते. म्हणूनच आई मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, तेव्हा दृष्ट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसले तरी आपल्याभोवती फिरणारा हात ठाऊक असतो. तिची स्वतःची काळजीही त्याच हातातून उतरत असते. मूल अंगणात पडले की आजी जमिनीला दोन चापट्या मारते आणि गुडघ्यावर फुंकर घालते. यामुळे दुसऱ्यावर दोष ढकलण्याची सवय लागते, अशी टीका सुशिक्षित घरांतून होते. ती मला मान्य आहे. जमिनीला मारणे वगळता येईल. फुंकर मात्र वगळता येणार नाही.

आपल्याकडे प्रेमाला 'माया' म्हणतात. वेदान्तात या शब्दाचा अर्थ भ्रम. शिंप्याच्या दुकानात त्याचा अर्थ शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड. मूल वाढले की ती माया उसवून झगा सैल करता येतो. मला यात शिंप्याचा अर्थ मुलाला अधिक जवळचा वाटतो. वरून न दिसणारी, पण गरजेला पुरणारी जागा म्हणजे माया.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे. ओवी गाऊन मन हलके केलेली स्त्री दुसऱ्या पहाटे त्याच जात्यापाशी आणि त्याच सासुरवासात बसली. गाऱ्हाणे ऐकून घेतल्याने गाऱ्हाणे मिटत नाही. विधींनी धीर दिला, तसा अन्याय सोसण्याची ताकदही दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून या विधींचे गोडवे गाऊन मला थांबता येत नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर पुढचे काम येऊन पडते. मूल 'मला तो मारतो' म्हणाले तर त्याला जवळ घेणे ही अर्धी माया. त्या मारणाऱ्याला थांबवणे ही उरलेली अर्धी.

आज जाती थांबली आहेत. ती पुन्हा फिरावीत असे मी म्हणणार नाही, स्त्रीच्या खांद्यावरचे ते ओझे उतरले हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर मांडीवरची ती जागाही गेली. मोपचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटित झाला. तेथे, हॉटेलांत किंवा कारखान्यांत पाळ्यांवर राबणारे आईबाप थकून घरी येतात आणि रडणाऱ्या मुलाच्या हाती फोन देतात. मूल गप्प होते. त्या पडद्यावर चेहरे पुष्कळ असतात, पण या मुलाच्या रडण्याला त्यांतला एकही उत्तर देत नाही. या आईबापांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्यांचा भार वाटून घेणे मात्र आपल्याला शक्य आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचे रडणेही आता शिक्षणाचा विषय झाले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे हा विचार पुढे आला. त्या विचाराला स्मरून या शाळेपुढे एक साधी सूचना ठेवतो. बालवर्गात रोज सकाळी पहिली दहा मिनिटे बाईंनी मुलांबरोबर जमिनीवर बसावे. ज्याला सांगायचे असेल त्याने सांगावे, मग ते कोकणीत असो, मराठीत असो वा परप्रांतातून आलेल्या मुलाच्या घरच्या बोलीत. बाकीच्यांनी त्याला हुंकार द्यावा. आठवड्यातून एकदा गावातल्या एखाद्या आजीला बोलवावे. ज्या गाऱ्हाण्याला उपाय हवा, ते बाईंनी त्याच दिवशी मुख्याध्यापकांपर्यंत न्यावे. यासाठी निधी लागत नाही. दहा मिनिटे आणि ऐकणारे माणूस लागते.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सवड आहे, त्यांनी ऐकणारे माणूस होण्याचे काम पत्करावे, अशी विनंती करतो.