मोन्तोनेचं सूर्यघड्याळ



आमच्या बंगळूरच्या बनशंकरीतली बरीच मराठी मंडळी हल्ली सुट्टीत इटलीला जाऊन येतात. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, पिसाचा मनोरा, अशी वाट ठरलेली असते. आज त्या वाटेपासून जरा बाजूला असलेल्या एका डोंगरी गावाबद्दल बोलायचं आहे. गावाचं नाव मोन्तोने.

मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांताला समुद्र नाही, नुसते डोंगर. पुढे रोममधून वाहणारी टायबर नदी इथे अजून लहान आहे. तिच्या खोऱ्यात ऑलिव्हच्या बागा, द्राक्षमळे आणि टेकड्यांच्या माथ्यावर तटबंदीची जुनी गावं. मोन्तोने त्यांतलंच, वस्ती दोन हजारांच्याही आत. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा एक काटा इथे जपला आहे आणि दर ऑगस्टात त्याचा उत्सव होतो. थोडं उत्तरेला सान्सेपोल्क्रो, थोर चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं जन्मगाव.

या मोन्तोनेत जुलै २०२३ मध्ये एका मराठी माणसाच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं. नाईक यशवंत घाडगे, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे.

दुसऱ्या महायुद्धात ४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलं आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. हटताना त्या प्रत्येक डोंगरधार अडवून धरत, कारण उत्तरेत त्यांची पुढची संरक्षक फळी, गॉथिक लाइन, अजून पुरी व्हायची होती. टायबरच्या खोऱ्यातून त्यांच्या मागे निघाली ती भारताची दहावी डिव्हिजन. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती आणि त्या पलटणीत होते घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. वय अवघं बावीस.

१० जुलैला त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. सगळे सोबती ठार किंवा जखमी झाले, एकटे घाडगे उभे राहिले. ते थेट मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. दोघे उरले होते आणि मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना संपवलं. मोर्चा हाती आला. पण तेवढ्यात दुसरीकडून नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि घाडगे तिथेच कोसळले. त्यांची कबर नाही. कसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

इटलीच्या त्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक लढले. ५,७८२ परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे होते. घाडग्यांच्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतले नामदेव जाधव यांनी पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी तो मिळवला. त्याच काळात इकडे आपल्या बंगळूरच्या जालहळ्ळीत इटालियन युद्धकैदी दिवस मोजत होते. कोण कुठे येऊन पडला होता!

ती लढाई ब्रिटिश साम्राज्याची होती, म्हणून आपल्याकडे या माणसांबद्दल बोलायला संकोच वाटत आला. मला तो संकोच अन्यायाचा वाटतो. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना पळसगावचा एक तरुण परक्यांच्या गावासाठी मेला, हे मोन्तोनेच्या लोकांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनंतरही महत्त्वाचं मानलं. त्यांच्या सूर्यघड्याळावर लॅटिनमध्ये कोरलं आहे की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

म्हणून एक विनंती. इटलीची सहल ठरवाल तेव्हा एक दिवस मोन्तोनेसाठी राखा. पेरुजाहून ते चाळीसेक किलोमीटरवर आहे. आणि तेवढ्या लांब जाणं होणार नसेल, तर मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला थांबा. तिथल्या तहसील कचेरीच्या आवारात यशवंत घाडग्यांचं स्मारक आहे. मुलांना ते दाखवा आणि तो कोण होता, ते सांगा.