चंद्र नेमका कुठे होता?



या ज्योतिष संमेलनाच्या अध्यक्षपदावरून चंद्रावर बोलायचं ठरवून आले आहे.

आपल्याकडे कुणाला रास विचारली की तो चंद्राची रास सांगतो. सूर्य एका राशीत महिनाभर राहतो, चंद्र सव्वादोन दिवसांत ती ओलांडतो. नक्षत्र तर साधारण रोज बदलतं. तरीही बाळाच्या नावाचं आद्याक्षर, लग्नातलं गुणमेलन, विंशोत्तरी दशा, साडेसाती हे सगळं आपण चंद्रावरून काढतो. मनाचा आणि मातेचा कारकही तोच. सगळ्यांत चपळ ग्रहावर आपल्या शास्त्राने सगळ्यांत जास्त भार टाकला आहे. त्याच्या या चपळपणाचा आपण पुरेसा धाक बाळगत नाही, हे मला आज सांगायचं आहे.

चंद्राला एक अंश चालायला जेमतेम पावणेदोन-दोन तास लागतात. नक्षत्र 13 अंश 20 कलांचं. शुक्राच्या नक्षत्रात जन्म झाला, तर तेवढ्याच अंतरावर वीस वर्षांची महादशा पसरलेली असते. म्हणजे जन्मवेळ तासाभराने चुकली की दशा दहा महिने पुढेमागे होते. आणि आपल्याकडे तासाची चूक सहज होते. महायुद्धाच्या काळात, 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945, देशातली घड्याळं एक तास पुढे होती. मुंबईत तर 1906 मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही कित्येक वर्षं मुंबईची स्वतःची वेळ चालत होती, 39 मिनिटं मागे. आजोबांच्या वहीत ‘सकाळी सात’ लिहिलेलं असतं. ते सात कोणत्या घड्याळाचे, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

वेळ अचूक असली तरी पंचांगाचा प्रश्न उरतो. काही वर्षांपूर्वी एक आई मुलाच्या दोन पत्रिका घेऊन माझ्याकडे आली. माहेरची टिळक पंचांगावरून केलेली, सासरची चित्रापक्षाच्या पंचांगावरून. दोन्ही गणितं बिनचूक. पण टिळक पंचांगाचा रेवतीपक्ष आणि चित्रापक्ष यांच्या अयनांशांत, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा त्यात, सुमारे चार अंशांचा फरक आहे. सासरच्या पत्रिकेत चंद्र कर्केच्या 28 अंशांवर, आश्लेषात. माहेरच्या पत्रिकेत सिंहेच्या दोन अंशांवर, मघात. एकीत जन्माला बुधाची दशा, दुसरीत केतूची. शुक्राची महादशा एकीत साडेनऊ वर्षांच्या वयाला लागते, दुसरीत सहाव्या वर्षी. नावाचं अक्षर एकीत ‘डो’, दुसरीत ‘मा’. ती बाई मला विचारत होती, “ताई, माझ्या मुलाची रास खरी कोणती?” मी तेव्हा माझ्या सवयीचं पंचांग सांगून तिला वाटेला लावलं. ते उत्तर अपुरं होतं. दोन पक्ष आहेत, हे मी तिला सांगायला हवं होतं.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध केलं. ग्रंथातलं गणित आणि आकाशातला ग्रह जुळतो का, ही कसोटी दीक्षितांच्या परंपरेत केंद्रस्थानी आहे. मेघनाद साहांच्या पंचांग-सुधारणा समितीने 1955 मध्ये चित्रापक्ष स्वीकारून एक बाजू घेतली. आपण मात्र घरात जे पंचांग येतं त्यावर विसंबतो.

साडेसातीबद्दल मला राग आहे. चंद्रराशीच्या मागची, तीच आणि पुढची अशा तीन राशींतून शनी जातो, ती साडेसाती. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना ती चालूच असते. साधारण चौथा हिस्सा माणसं! एवढ्या सगळ्यांना घाबरवून शांतीचा खर्च सांगणं हा व्यवसाय झाला, शास्त्र नव्हे. त्यात ज्याचा चंद्र राशीच्या सीमेवर आहे, त्याला साडेसाती आहे की नाही, हे पंचांगागणिक बदलतं.

2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली चाचणी इथे टाळून चालणार नाही. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं होतं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून मिळाली असती त्याहून कमी. आपल्यातल्या कित्येकांनी त्या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. पण आक्षेप म्हणजे उत्तर नव्हे. आपलं भाकीत आधी लेखी नोंदवायचं आणि नंतर तपासू द्यायचं, एवढी तयारी आपण दाखवायला हवी.

म्हणून इथल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. उद्यापासून जी पत्रिका कराल, तिच्यावर कोणता अयनांश धरला आणि जन्मवेळ कुठून घेतली, हे ठळक लिहा. चंद्र राशीच्या किंवा नक्षत्राच्या संधीवर असेल, तर जातकाला ते स्पष्ट सांगा आणि त्याला दशेची तारीख देऊ नका.