तान्ह्याच्या डोळ्यावरील भिंग

जन्मजात मोतीबिंदू काढला की तान्ह्याचा डोळा भिंगाविना उरतो. मग नवे भिंग डोळ्याच्या आत बसवावयाचे, की बाहेरून, कॉन्टॅक्ट लेन्स म्हणून? अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ अर्भकांवर हे ताडून पाहिले. २०१४ साली निकाल आला. साडेचार वर्षांच्या वयाला दृष्टी दोहोंकडे सारखीच. मात्र आतील भिंगवाल्यांपैकी ७२ टक्क्यांना डोळ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागली, बाहेरच्यांत २१. तेव्हा बाहेरचेच बरे, असे डॉक्टर म्हणतील. आम्हांलाही ते पटते. पण ते धुणार कोण, रडत्या पोराच्या डोळ्यात घालणार कोण, हरवले तर दुसरे कोणाच्या पगारातून येणार? शिवाय चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. नाहीतर मेंदू दुबळ्या डोळ्याची दखलच घेत नाही. ही दुसरी पाळी बहुधा आईच भरते. तिची रजा आम्ही मागण्यांच्या यादीत घातली, तेव्हा मालक हसले. यादीत ती अजून आहे.