सुट्टीत ती कुठे जाणार?

(कापणीच्या सणानिमित्त बीड येथे मंडळीपुढे केलेले भाषण)



आधी एक विनंती. ज्यांच्या घरात आई, आजी, मावशी, आत्या, कोणीतरी सिस्टर होती किंवा आहे, त्यांनी हात वर करा. पाहा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत! मिरजेचे वॉनलेस हॉस्पिटल १८९४ साली उभे राहिले. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या मिशन दवाखान्यांनी आपल्या खेड्यांतल्या मुली शिकायला घेतल्या. जे लोक आपल्या हातचे पाणी पीत नव्हते, तेच पुढे आपल्या मुलींच्या हातून इंजेक्शन घेऊ लागले. आपली कितीतरी घरे त्या पगारावर उभी राहिली. म्हणून आज मी जे मागायला आले आहे, ते आपल्याला एकदा मिळालेले आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात आदिवासी समाज थोडा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरात सव्वा माणूस. भिल्ल, पारधी यांच्या वस्त्या गावाच्या कडेला असतात. दवाखान्यात गेले की कोणीतरी आपल्याला हिणवेल, ही भीती बायांच्या मनात असते. म्हणून ताप अंगावर काढतात, दिवस भरले तरी घरीच थांबतात. त्या दवाखान्यात त्यांच्या बोलीत बोलणारी, त्यांच्याच वस्तीतली एक सिस्टर असेल, तर हे चित्र बदलेल की नाही?

बदलते, याची साक्ष आपल्या शेजारीच आहे. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. गावोगावी बाहेरच्या परिचारिका पाठवून काम जमेना, तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या कित्येक दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. पण आरोळे दांपत्याने त्यांना एकदा शिकवून सोडून दिले नाही. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र राहत, अडचणी सांगत, नवे शिकत. माझ्या मते खरे काम या पुन्हा पुन्हा येण्याने केले.

आता आमची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका भिल्ल वस्तीवरची मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंगला घालायचे ठरवले. जातीचा दाखला, पडताळणीचे कागद यांसाठी खूप हेलपाटे झाले. प्रवेश मिळाला. फी भरली, गणवेश घेतला, पांढरे बूट घेतले, सेकंद काट्याचे घड्याळ घेतले. मंडळीने टाळ्या वाजवल्या. आम्ही प्रार्थना करून तिला बसमध्ये बसवले आणि आपले काम झाले असे समजलो.

दिवाळीला वसतिगृह बंद झाले. मुली घरी गेल्या. हिचे घर कुठे? आई-बाप उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले, वस्तीवर कुलपे. ती फडावरच्या कोपीवर गेली. इंग्रजी पुस्तके समजत नव्हती, मुली नावे ठेवत होत्या. हे तिने आम्हाला कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. त्याच हंगामात तिचे लग्न लागले. लग्न म्हणजे नवा कोयता, नवा कोयता म्हणजे नवी उचल. मला कळले तेव्हा पाडवा होऊन गेला होता. तिच्या बापाला मी काय बोलणार? सुट्टीत मुलगी कुठे जाणार, हा साधा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

दुसऱ्या मुलीच्या वेळी आम्ही शहाणे झालो. आपल्याच मंडळीतल्या एका निवृत्त सिस्टरबाईंनी तिला आपल्या घरी सुट्टीला नेले. रोज संध्याकाळी फोन केला, इंग्रजी शब्द मराठीत समजावले. पहिल्या वर्षी एक विषय राहिला तेव्हा ती परत यायला निघाली होती. बाईंनी तिला सांगितले, "बाळ, माझाही राहिला होता." आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. फी दोघींची सारखीच भरली होती. फरक एका माणसाचा होता.

म्हणून मी आज फक्त पैशाची पाकिटे मागत नाही. तीन गोष्टी मागते. एक, दिवाळीत आणि उन्हाळ्यात मुलीला घरच्यासारखे ठेवणारी काही कुटुंबे. दोन, एकेका मुलीची मोठी बहीण होतील अशा सिस्टर, नोकरीतल्या किंवा निवृत्त. त्यांनी शिक्षण संपून पहिली नोकरी लागेपर्यंत सोबत राहावे. तीन, कागदपत्रांची धावपळ करणारे तरुण संघाचे भाऊ. कारण जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि पालावर जन्मलेल्याच्या पणजोबाचा कागद बारावीनंतर शोधून मिळत नाही. हे काम मुलगी आठवीत असतानाच सुरू करावे लागते.

लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी आपल्याला पाठ आहे. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, दोन नाणी दिली. आपण तिथेच थांबतो. पण तो जाताना आणखी एक बोलला होता, की मी परत येईन. आपण नाणी देतो, बंधू-भगिनींनो. आता परत जायला शिकू या.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.