परदेशी शिकायला जाताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्येच्या देवतेसमोर विद्येविषयीच बोलावे, या हेतूने मंडळाने मला आजचा विषय दिला आहे. रेल्वेतल्या डिप्लोमा इंजिनिअरने युरोपातल्या शिक्षणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय आता आपल्या घराघरात निघतो. मुलाचे बी.ई. होते आणि तो म्हणतो, "बाबा, एम.एस. जर्मनीतून करायचे आहे." मग पी.एफ. काढायचा का, सोसायटीचे कर्ज घ्यायचे का, घर तारण ठेवायचे का, मुलीला एकटीला एवढ्या लांब पाठवायचे का, अशी चर्चा जेवणाच्या ताटावर सुरू होते. त्या चर्चेला थोडी मदत व्हावी, एवढाच माझा हेतू आहे.

तसे परदेशी जाऊन शिकणे भिलाईला नवे नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या काळात इथले अनेक इंजिनिअर प्रशिक्षणासाठी रशियात गेले, बर्फात राहिले, रशियन भाषा शिकले आणि परत येऊन त्यांनी हा कारखाना चालवला. आणि आपली मागची पिढी नागपूर, भंडारा, अमरावतीहून एक वळकटी व ट्रंक घेऊन इथे उतरली, तेव्हा त्यांनाही हा परमुलूखच होता. त्यामुळे घर सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

बंधू-भगिनींनो, युरोपात शिकलेल्या आपल्या थोर माणसांची चरित्रे आपण वाचतो. त्यांत पदव्या आणि मानसन्मान आपल्या लक्षात राहतात; त्या पदव्यांमागचे रोजचे दिवस राहत नाहीत. तो माणूस राहायचा कुठे, खायचा काय, प्रवास कशासाठी करायचा, हे आज आपण पाहू.

पहिले नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. अमेरिकेतला अभ्यासक्रम संपवून १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या जहाजावर होती, ते जहाज पाणतीराने बुडाले. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात नोकरी केली, पगारातून पैसे शिल्लक टाकले, राजर्षी शाहू महाराजांची आणि नवल भथेना या पारशी मित्राची मदत घेतली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी तीन वर्षे पैसा जमवणारा हा विद्यार्थी आहे.

लंडनमधला त्यांचा दिवस कसा होता? चरित्रकार सांगतात, सकाळी अगदी बेताची न्याहारी. मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. ते उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत तिथेच बैठक. दुपारचे जेवण बहुतेक नाहीच, कारण परवडत नव्हते. बसचे भाडे वाचवायला पायी चालणे. रात्री पुन्हा वाचन, आणि भूक लागली की भाजलेले पापड आणि कपभर दूध. इकडे मुंबईत रमाबाई अतिशय ओढाताणीत संसार चालवत होत्या. परदेशी शिकणाऱ्याचा अर्धा खर्च घरचे लोक पोटाला चिमटा घेऊन भरतात, ते पैशाच्या हिशेबात कधीच दिसत नाही.

या दिवसांतून काय उभे राहिले? १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. ही दुसरी पदवी ज्या प्रबंधावर मिळाली, त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले. त्या काळात जर्मन मार्कची किंमत कोसळत होती. चलनावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या काळातच एक मोठे चलन कोसळत होते. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. आपल्यापैकी कोणाचे मूल लंडनला असेल, तर ते घर पाहून येण्यास अवश्य सांगावे.

दुसरे उदाहरण डॉ. रखमाबाई यांचे. बालविवाहाच्या खटल्यामुळे त्यांचे नाव गाजले, हे आपण जाणतो. त्यानंतर १८८९ साली त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांच्यासाठी खटपट केली. शिकल्या लंडनमध्ये, पण पदव्यांसाठी त्यांना स्कॉटलंडमध्ये एडिंबरो व ग्लासगो आणि बेल्जियममध्ये ब्रुसेल्स गाठावे लागले. आज मुले ब्रुसेल्सला जातात ती चौकात फोटो काढायला! परत आल्यावर रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट येथे आयुष्यभर स्त्रियांची वैद्यकीय सेवा केली.

तिसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस, वयाच्या विशीत, त्या बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा या जाण्याला विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसालाही आपल्या सुनेने एवढ्या लांब जावे असे वाटले नाही. पती दिनकर स्वतः जर्मनीत शिकून आलेले, ते ठामपणे पाठीशी उभे राहिले. बर्लिनच्या संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या आणि इतर वंशांच्या कवटीच्या ठेवणीत फरक असतो, असे या गुरूंचे मत होते. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला, की वंशाचा आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा संबंध नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, एका तरुण मुलीने गुरूच्या मताविरुद्ध जाणारे माप जसेच्या तसे लिहून दिले. १९३० साली डॉक्टरेटचे काम पुरे करून त्या परतल्या. पुढे 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई सर्वांना माहीत आहेत. मला ही कवट्या मोजणारी विद्यार्थिनी जास्त मोठी वाटते. आम्ही इंजिनिअर लोकही मापे घेतो. साहेबाला हवे ते माप लिहायचे की खरे लिहायचे, हा प्रश्न आमच्यापुढेही येतो.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. जे इथे मिळत नव्हते, नेमके तेच घ्यायला ते गेले होते. बाबासाहेबांना ते ग्रंथालय हवे होते, रखमाबाईंना तो पदव्यांचा मार्ग, इरावतीबाईंना ती प्रयोगशाळा. आणि तिथला प्रत्येक दिवस त्यांनी त्याच कामी लावला.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे येऊ. माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी जर्मनीत शिकते आहे. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "काका, फोनवर आई विचारते, जेवलीस का? मी हो म्हणते. काय जेवले ते सांगत नाही." तिच्याकडून जे कळले आणि आम्ही चार-पाच पालकांनी मिळून जी माहिती गोळा केली, ती सांगतो.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०१७ पासून आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली. पण फी नाही म्हणजे खर्च नाही, असा अर्थ कोणी काढू नये. व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच खात्यात ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे ढोबळ हिशेबाने १२ लाख रुपये. त्यातून विद्यार्थ्याला महिन्याला ९९२ युरो मिळतात. खोलीचे भाडे, १४० युरोंच्या वर आरोग्य विम्याचा हप्ता, जेवण, फोन, सगळे त्यातच. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा मार्च २०२४ पासून आहे. पण ते काम मिळेलच असे धरून कर्ज काढू नये. अंथरूण पाहूनच पाय पसरावे.

दिवस कसा जातो? हिवाळ्यात सकाळी आठनंतर उजाडते आणि दुपारी चारला अंधार पडतो. आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या मुलांना हे फार जड जाते. दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत, तिला मेन्झा म्हणतात, स्वस्तात जेवण मिळते. रात्री चार-पाच जणांच्या सामाईक स्वयंपाकघरात आपला वरण-भात. रविवारी दुकाने बंद, त्यामुळे शनिवारी सामान आणायचे राहिले की रविवारी उपास. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. रात्री दहानंतर मोठा आवाज केला तर शेजारी तक्रार करतो. ज्या मुलाने घरी स्वतःचे ताटही उचललेले नाही, त्याची पहिली परीक्षा वर्गात नव्हे, इथेच होते. म्हणून पासपोर्टच्या आधी मुलांना कुकर लावायला शिकवा, मुलींना आणि मुलग्यांनाही.

आता प्रवास. रेल्वेवाला गाड्यांवर बोलल्याशिवाय कसा राहील? आपल्याकडे विजेची गाडी २५ हजार व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर धावते. जर्मनीत १५ हजार व्होल्ट आणि १६.७ हर्ट्झ. शेजारच्या काही देशांत दाब निराळा, म्हणून सरहद्द ओलांडणाऱ्या इंजिनांना दोन-तीन प्रकारच्या विजेवर चालावे लागते. परदेशी विद्यार्थ्याचेही तसेच आहे. इंजिन तेच ठेवून वेगळ्या दाबावर चालायला शिकावे लागते. जर्मनीत स्टेशनावर तिकीट तपासून आत सोडत नाहीत, सगळे विश्वासावर चालते. पण विनातिकीट सापडला की ६० युरो दंड. शहरी आणि पॅसेंजर गाड्यांसाठी महिन्याचा देशभराचा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये तो ५८ युरो झाला. विद्यार्थ्यांना बऱ्याच विद्यापीठांत सवलतीत मिळतो. वेगवान गाड्यांत मात्र तो चालत नाही. आणि आपल्या मंडळींना ऐकून बरे वाटेल, की २०२४ साली जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्केच वेळेवर धावल्या!

जर्मनीचा विद्यार्थी-परवाना असला की शेंगेन गटातल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. मुलांनी जरूर फिरावे. मी त्याच्या विरुद्ध नाही. आमच्या सहकाऱ्याची मुलगी पॅसेंजर गाड्या बदलत-बदलत, डब्यात पराठे घेऊन, जुने पूल आणि कालव्यांचे दरवाजे पाहत हिंडली. ती स्थापत्य शाखेची आहे. तिच्या वहीत त्या पुलांची रेखाटने आहेत. पॅरिसचा मनोरा तिनेही पाहिला, पण तो किती रिव्हेटांवर उभा आहे याचा विचार करत पाहिला. एराज्मस मुंडुस नावाची एक योजना २००४ पासून आहे, तिच्यात एकच एम.एस. दोन किंवा अधिक देशांत जाऊन करायचे असते आणि निवड झालेल्यांना शिष्यवृत्तीही मिळते. हुशार मुलांनी तिची माहिती घ्यावी.

२०२३-२४ साली जर्मनीत भारतीय विद्यार्थी जवळपास ५० हजार होते. एवढी मुले जातात म्हणून आपलेही गेले पाहिजे, असे नाही. एजंट सांगेल, "सर, सगळे होऊन जाईल." त्याला त्याचा मोबदला मिळणार आहे, हप्ते आपल्याला भरायचे आहेत.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी मुलाला समोर बसवून एकच प्रश्न विचारा, "बाळा, तिथे असे काय आहे, जे इथे रायपूर, नागपूर, पुणे, मुंबईत मिळत नाही?" एखादा प्राध्यापक, एखादी प्रयोगशाळा, एखादा विषय, असे उत्तर आले तर दागिने मोडावे लागले तरी पाठवा. आणि उत्तर "सगळे मित्र चालले आहेत" असे आले, तर त्याला वर्षभर इथे नोकरी करू द्या. तीन वर्षे थांबून पुन्हा लंडन गाठणाऱ्या बाबासाहेबांचे काही अडले नाही.

आणि मुलांनो, तुम्हालाही सांगतो. फोनवर नुसते हसरे फोटो पाठवू नका. थंडी वाजते, विषय जड जातो, पैसे पुरत नाहीत, हेही आई-बाबांना सांगा. ते भिलाईत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही तेच सोसले आहे, त्यांना कळेल. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे. जर्मनीतही मराठी मंडळी गणपती बसवतात. तिथे जा, आरतीला टाळ्या वाजवा, आणि मोदक मिळाले तर खिशातून वसतिगृहातल्या परदेशी मित्रासाठीही घेऊन जा. तिथेच राहायचे की परत यायचे, हे तुम्ही ठरवा. पण जे शिकाल त्याचा वाटा इथल्या पुढच्या मुलांना द्या, निदान एक पत्र लिहून, एक रस्ता दाखवून.

 श्रीगजानन आपल्या मुलांना सुबुद्धी आणि आपल्याला धीर देवो, अशी प्रार्थना करून माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!