जुनं दुखणं, नवी समज



कंबरदुखी 3 महिन्यांहून अधिक टिकली, की ती दीर्घकालीन वेदना मानली जाते. इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था जास्त संवेदनशील राहू शकते. म्हणून दुखतंय म्हणजे दरवेळी शरीराची नवी हानी होतेय, असं नाही. वेदना मात्र पूर्णपणे खरी असते. हे समजलं की हालचालीची भीती कमी होते.

बरं वाटलं की सगळी कामं एकाच दिवशी उरकायची आणि मग आठवडाभर अंथरूण धरायचं, हे चक्र मोडायला हवं. वीस मिनिटं चालल्यावर कंबर भरून येत असेल, तर पंधरा मिनिटांवर थांबा. हा वेळ हळूहळू वाढवा. झोप सांभाळा.

अशी सवय गटातही शिकता येते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि सहकाऱ्यांनी जुनाट आजारांसाठी 6 आठवड्यांचा अभ्यासक्रम घडवला. स्वतः आजार सोसणारी प्रशिक्षित माणसं तो शिकवतात. छोटं उद्दिष्ट ठरवायचं, पुढच्या आठवड्यात गटाला अनुभव सांगायचा. पुढे हा अभ्यासक्रम ऑनलाइनही आला. घराबाहेर पडणं कठीण असलेल्यांना अशी सोबत मोलाची ठरते. आपल्याकडे सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेतून डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो.

मात्र पायांतली शक्ती गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तातडीनं रुग्णालय गाठा. ताप येत असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. एरवी आजच आपल्याला झेपेल असं एक छोटं उद्दिष्ट ठरवा आणि घरच्यांनाही सांगा.